गौरीच्या दिवशीचा ठिपका

माझ्या धाकट्या लेकीनं मागच्या रविवारी जेवता जेवता सांगून टाकलं, की ती सीझर करून घेणार. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, बाळ आडवं आहे म्हणूनही नव्हे. तिला कळा नकोत, एवढंच. पानावरचे सगळे चेहरे माझ्याकडे वळले. आता आजीबाई भाषण ठोकणार, आमच्या वेळी आम्ही अमुक आणि आम्ही तमुक. मी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "कर की. मीसुद्धा तसंच मागून घेतलं होतं."

माझी चार वर्षांची नात तेवढी म्हणाली, "आजी, तू आवाज करत पितेस."

माझ्या पहिल्या बाळंतपणाचा विषय आमच्याकडे निघत नाही. काढायचा तर मीच काढायला हवा, आणि आता काढते. म्हातारपणाची एक सोय असते. तरुणपणीची आपण म्हणजे कुणी लांबची भाची आहे असं समजून तिची टिंगल करता येते. सगळ्याच गोष्टींची करता येते असं नाही, पण सुरुवात तर करू.

तर ही भाची तेवीस वर्षांची होती, दोन वेण्या सोडून नुकती एक घालायला लागलेली, आणि आपण फार हुशार आहोत अशी तिची ठाम समजूत. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. कोपरखैरण्यात आमचं बैठं घर होतं, शेजारच्या भिंतीला भिंत चिकटलेली एक खोली आणि वर आम्हीच ठोकून घेतलेला पोटमाळा. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे.

आत्यांना लिहिता येत नव्हतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर राज्य त्यांचं होतं. खिळ्याला दोरा, दोऱ्याला पेन्सिल. दूध आलं नाही की फुली. गॅसची टाकी लावली की गोल. आणि मी बाजूला बसले की त्या तारखेच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका. माझ्या नवऱ्याला कितीतरी महिने वाटत होतं की कॅलेंडरवर माशा बसतात.

बाजूला बसायचं म्हणजे पाळीचे चार दिवस चूल नाही, पाणी नाही, देव तर नाहीच. आता एका खोलीत बाजू आणायची कुठून? म्हणून माझी बाजू म्हणजे पोटमाळा. शिडी चढून गेलं की मी आणि पत्रा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या गौरी. गावाकडून अठरा माणसं आलेली. आदल्या संध्याकाळी आत्यांनी तीन किलो डाळ उपसून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोळ्या तू लाटायच्या. तुझा हात हलका हाय." कौतुक होतं ते, पण मला त्यात फक्त लाटणं दिसलं. पाळीची तारीख उलटून दोन दिवस झाले होते आणि ती आली नव्हती. शिवाय वाचनालयातून आणलेलं रहस्यकथेचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. एवढ्या सामग्रीवर या हुशार बाईनं बेत रचला.

सकाळी तोंड पाडून खाली उभी राहिले. "आत्या, मला वर जावं लागतंय."

"आजच?"

"आता ते काय माझ्या हातात आहे?"

"ऐन गौरीला! जा. आणि कशाला शिवू नकोस."

मी चार दिवस पोटमाळ्यावर पालथी पडून वाचत होते. आत्या शिडीच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायच्या आणि खाली उतरून हाक मारायच्या, "घे गं." लाटायची नव्हती म्हणून बहुतेक, ती पुरणपोळी मला फार गोड लागली. खाली आत्या घामानं भिजून एकट्या पोळ्या लाटत होत्या, ते फळीच्या फटीतून दिसायचं. मी फटीवर पुस्तक ठेवलं.

खरी पाळी आली ती बावीस दिवसांनी. सर्वपित्री अमावस्येला. सासऱ्यांचं म्हाळ त्याच दिवशी. आता सांगते कुठल्या तोंडानं? ऐन गौरीला बसली, आता ऐन म्हाळाला बसली, असं आत्या अख्ख्या आळीत सांगत फिरल्या असत्या. मी काही बोलले नाही. पोट पिळवटत होतं, तशीच उभी राहून खीर केली, वडे तळले, अळूची भाजी केली. कावळ्यानं पहिल्या झटक्यात घास उचलला. त्यालाही काही कळलं नाही. आत्या समाधानानं म्हणाल्या, "तुझे मामंजी खूश झाले बघ तुझ्यावर." दुपारी त्यांनी कॅलेंडरवर काहीच खूण केली नाही. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर मला दिवस राहिले.

वाशीला एका छोट्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी?" मी तोंड उघडायच्या आत आत्या बोलल्या. त्यांनी घरून निघताना कॅलेंडरचं पानच घडी करून पिशवीत घातलं होतं. ते टेबलावर उलगडलं, ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही. गौरी जेवणाची. माझी चूक व्हायची न्हाई."

डॉक्टरीणबाईंना कौतुक वाटलं. "अशी सासू हवी," म्हणून त्यांनी ती तारीख कागदावर उतरवली. मी टेबलाच्या कडेचा सनमायका नखानं खरवडत बसले. बावीस दिवसांनी काय होतंय? मूल काय गाडी आहे, बावीस दिवसांनी चुकायला? असा सगळा विचार या हुशार बाईनं केला.

आता सीझरचं. मी नऊ वर्षांची असताना गावी काकूचं बाळंतपण झालं होतं. दोन दिवस ती आतल्या खोलीत ओरडत होती आणि आम्हा पोरांना अंगणात चिंचोके खेळायला बसवलं होतं. काकू वाचली, मूल वाचलं, पुढं काकूला आणखी तीन झाली. पण माझ्या कानात तो आवाज राहिला. सातवा लागला तसा तो परत ऐकू यायला लागला. भांडी घासतानासुद्धा.

मी नवऱ्याला सांगितलं, "मला कळा नकोत. मला पोट फाडून घ्यायचंय."

"टेन्शन कशाला घेतेस? डॉक्टर बोलतात नॉर्मल होईल."

"म्हणूनच सांगतेय ना. नॉर्मल नकोय."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा तो हसायचा थांबला. मुळात भला माणूस. म्हणाला, "ठीक आहे. आईला तू सांग."

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या कुळीथ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. "का? मूल आडवं हाय?"

"नाही."

"नाळ बिळ?"

"नाही. मला भीती वाटते."

"आगं, भीती कुणाला वाटत न्हाई? म्हणून काय पोट कापायचं? भोपळा हाय का तो?"

मी भांडले. तीन आठवडे भांडले. जेवण सोडलं, मग आत्यांचा डोळा चुकवून लाडू खाल्ले. "पोट माझं आहे," असं वाक्य मी त्या घरात मोठ्यांदा म्हटलं. शेजारच्या भिंतीपलीकडचा रेडिओ त्या वाक्याला बारीक झाला. आजही मला वाटतं, भीतीपोटी मी मागितलं त्यात काही चुकलं नाही. भीतीही दुखतेच. फक्त मला एक कोडं सुटत नाही. एवढं मोठं वाक्य ज्या तोंडातून निघालं, त्यातून 'तो ठिपका खोटा आहे' हे छोटं वाक्य का निघालं नाही?

शेवटी आत्या नमल्या. पण नमताना त्यांनी कॅलेंडर काढलं. "पोट फाडायचंच तर चांगला दिवस बघून फाडा."

डॉक्टरीणबाईंनी आधी समजावलं. टाके, जंतू, पुढच्या वेळचे प्रश्न, सगळं सांगितलं. मी मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तरी पण." मग त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, कारण नसताना करायचं तर एक अट आहे. अडतीस आठवडे पूर्ण झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि सोनोग्राफीत बाळ जरा लहान दिसतंय, दोन-तीन आठवड्यांनी मागे. काही काही बाळं असतातच लहान. पण तारीख नक्की आहे ना तुझी?"

प्रश्न मला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. आत्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेलं ते पान. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, अभिमानानं.

"नक्की," मी म्हणाले.

आत्यांनी ज्येष्ठातली दशमी काढली. हिशेबानं अडतीस आठवड्यांना दोन दिवस जास्त. यांच्या कारखान्याचं मशीन त्याच आठवड्यात बंद राहणार होतं, रजेचाही प्रश्न सुटला. सगळं जमून आलं. मी तर पाळण्याच्या दोरीला गोंडेसुद्धा करून ठेवले.

बोनकोड्याची एक आगरी मावशी आमच्या आळीत मासळी विकायला यायची. तिच्या गावातली निम्मी पोरं तिनं हातावर घेतलेली. दशमीच्या चार दिवस आधी तिनं टोपली उतरवली, ओले हात लुगड्याला पुसले आणि न विचारता माझ्या पोटावर ठेवले.

"बाय गो, पोट अजून वरतीच हाय," ती म्हणाली. "याला येल हाय अजून. महिना तरी."

"मावशी, येत्या सोमवारी काढणारेत. डॉक्टरनं तारीख दिलीय."

"तारीख डाक्टरची. पोर कोनाचा?" ती हसली आणि टोपली उचलून गेली. मीही हसले. अडाणी बाई, म्हणाले मनात. त्या दिवशी आळीत अडाणी एकच होती आणि तिनं पदवी घेतलेली होती.

कमरेत सुई दिली. दुखलं नाही. खरंच दुखलं नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण मी तेवढंच मागितलं होतं आणि तेवढं मला मिळालं. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी ती माझ्या चेहऱ्याजवळ धरली. कानांवर, खांद्यांवर मऊ काळी लव होती. रडली, पण मांजर लांब कुठंतरी ओरडावं तसं. मग मला तिच्या छातीखालचा खळगा दिसला. प्रत्येक श्वासाला तो आत जायचा. डॉक्टरीणबाई तिला घेऊन बाजूला गेल्या.

त्या नर्सिंग होममध्ये काचेची पेटी नव्हती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मला टाके, मला उठता येत नव्हतं. आत्यांनी त्यांच्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवली होती, त्यातल्या सगळ्यात मऊ दुपट्यात तिला गुंडाळलं आणि त्या गाडीत बसल्या. माझा नवरा पुढं. मी पलंगावर. खिडकीतून मला गाडीचं फक्त छप्पर दिसलं.

दोन दिवस मी तिथं पडून होते. हे सकाळी यायचे, "लढतेय" म्हणायचे आणि परत जायचे. तिसऱ्या दिवशी पहाटे माझं दूध उतरलं. पोलकं भिजलं, चादर भिजली. मला आनंद झाला. खरंच झाला. नर्सला म्हणाले, वाटीत काढून देते, कुणी जात असेल त्याच्याबरोबर पाठवता येईल का? नर्स बाहेर गेली. तिला कळलेलं होतं.

दुपारी आत्या आल्या. हातात दुपटं, घडी घातलेलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. दुपटं मांडीवर सारखं केलं आणि म्हणाल्या, "काचेला भोक असतंय. तिथनं बोट घालू दिलं मला. धरलं तिनं. चांगलं घट्ट धरलं."

मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मोठ्या दवाखान्यात फोन केला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "बाळाचे दिवस भरले नव्हते. फुप्फुसं तयार नव्हती. पस्तीस आठवड्यांचं असेल फार तर. तारखेत कुठंतरी चूक झाली."

आत्या उभ्या राहिल्या. हात जोडले त्यांनी. "माझीच चूक, बाई. ठिपका मीच केला हुता. मला लिवता येत न्हाई. दुसऱ्याच घरात केला असंल."

मला ते वाक्य शब्दान् शब्द आठवतं, कारण त्या वाक्यानंतर जागा होती. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. दारात उभा असलेला माझा नवरा काही बोलला नाही. पंखा फिरत होता. मी बोलायचं होतं. भीतीसाठी तीन आठवडे भांडलेली बाई भिंतीकडे तोंड करून पडली, आणि सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

घरी आल्यावर त्या पानाचं आत्यांनी काय केलं मला माहीत नाही. पेन्सिल खिळ्याला तशीच लटकत राहिली. पण आत्यांनी तिला हात लावला नाही. दूध न आलेल्या दिवसांवरून दूधवाल्याशी वाद व्हायला लागले. टाकी मधेच संपायची. हे म्हणाले, "आई, खुणा कर की पहिल्यासारख्या." त्या म्हणाल्या, "माझं गणित कच्चं हाय रं." एखादी पोटुशी शेजारीण तारीख-वार विचारायला आली की त्या आत निघून जायच्या.

अडीच वर्षांनी मला परत दिवस राहिले. दवाखान्यात मी आत्यांना म्हटलं, चला आत. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. "मी नको. तूच सांग." मी आत जाऊन तारीख सांगितली, खरी. पुन्हा सीझरच झालं, आता कारण होतं. मुलगी झाली, थोरली. मग धाकटी. दोघींना आत्यांनी वाढवलं, अंगाला तेल लावलं, पायावर घेऊन न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना त्या आधी बाळाच्या मुठीत आपलं बोट द्यायच्या. धरलं की मगच पाणी.

मी ते रोज बघत होते. आणि रोज गप्प.

सांगितलं ते दशक संपता संपता. कारण असं काही घडलं नाही. थोरली शाळेत गेली होती, धाकटी झोपली होती, आत्या उंबऱ्यात उन्हाला बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि म्हणाले, "आत्या, तुमचा ठिपका बरोबर होता. मीच त्या गौरीला खोटं बोलले होते. पोळ्या लाटायच्या नव्हत्या म्हणून."

त्यांचं बोट तांदळात थांबलं.

"मग खरी कधी हुती?"

"सर्वपित्रीला."

त्यांनी अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. एक एक पेर मोजत गेल्या, ओठ हलत होते. एक हात झाला, दुसऱ्या हातावर आल्या, परत पहिल्या. शेवटी थांबल्या. "बावीस," म्हणाल्या.

"हो."

त्यांनी लांब कुठंतरी बघितलं. मला वाटलं आता शिव्या देतील. मला हव्या होत्या. पण त्यांनी विचारलं, "म्हाळाच्या दिवशी तुझं पोट दुखत हुतं?"

"हो."

"आणि तशीच वडे तळत हुतीस?"

"हो."

"मला सांगायचं न्हाई?"

"तुम्ही बोलला असता, आत्या."

"बोलले असते," त्या म्हणाल्या. "लई बोलले असते. किती दिवस बोलले असते गं? दोन? चार?" मग त्यांनी मोजलेली बोटं मिटली. "बावीस तर नसते बोलले."

त्या रडल्या नाहीत. सूप माझ्याकडे सरकवलं. "घे, निवड. मला दिसत न्हाई आता." मी तांदूळ निवडले. त्यातला एक खडा तरीही राहिला, तो रात्री यांच्या दाताखाली आला.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. मी स्वयंपाक करता करता दोन-तीनदा कॅलेंडरकडे बघितलं. आत्या समोरच बसल्या होत्या, धाकटीची वेणी घालत. पेन्सिल जिथं होती तिथंच लटकत होती. संध्याकाळपर्यंत मी वाट पाहिली. मग उठून फुली मी मारली.